गार्डची खोली

माझ्या साडूला आमच्याकडे सगळे स्टेशनमास्तर म्हणतात. रेल्वेशी त्याचा संबंध तिकीट काढून खिडकीशी बसण्यापुरता. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. सकाळी खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून निघायचं, दिवसभर परक्या इमारतींच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, आणि मध्येच कुठे कोणी अडकलं म्हणून फोन आला की हातातलं टाकून तिकडे पळायचं. लिफ्ट बंद पडली म्हणूनच त्याला बोलावतात, त्यामुळे तो स्वतः जन्मभर जिनेच चढत आला आहे. हे त्याने मला एकदा अशा काही थकल्या आवाजात सांगितलं की मला हसूही आलं नाही. मी त्याच्याहून वयाने बराच मोठा, पण गुडघे त्याचे आधी गेले.

दमणं मलाही कळतं. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. दिवसभर लोकांचे खोकले अंगावर घेतो. पण घरी आलो की सरळ सोफ्यावर आडवा होतो आणि बायकोने दोन-चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. हा गृहस्थ घरी येतो, हातपाय धुतो, उभ्याउभ्या चहा पितो आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर बसून रूळ जोडायला लागतो. दमलेल्या माणसाने पडून राहावं, एवढी साधी अक्कल त्याला कोणी शिकवली नाही.

हे रूळ म्हणजे खेळण्यातले. लहान मुलं ते एकमेकांत टच्चकन बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून घरं-बिरं बांधतात ना, त्याच ठोकळ्यांची रेल्वेही असते. इंजिन, डबे, फलाट, सिग्नल, सगळं ठोकळ्यांचं. त्याची मुलगी लहानपणी पाय मोडून दीड महिना अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याने तिला एक छोटा खोका आणून दिला. एक इंजिन, दोन डबे आणि गोल फिरायला रूळ. तो खाली बसून गाडी चालवायचा आणि ती खाटेवरून हिरवा रुमाल दाखवायची. हा ड्रायव्हर, ती गार्ड. पाय बरा झाला, पोरगी शाळेत जायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आजही आमच्या घरात तिला गार्ड म्हणतात. तिच्या लग्नाच्या जेवणात माझ्या बायकोने सगळ्यांसमोर 'गार्ड, वाढू का अजून?' असं विचारलं तेव्हा नवरामुलगा गोंधळून इकडेतिकडे बघत होता.

पोरगी वाढली तसे रूळ वाढले. गोल होता त्याचा लांबोळा झाला, मग त्याला सांधे आले, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे तुकडे. मग बोगदा आला, फाटक आलं, फाटकापाशी एक छोटं गाव आलं. गावात त्याने औषधांचं दुकान बांधलं आणि काउंटरमागे मला उभं केलं. त्या बाहुल्यांचे केस टोपीसारखे निघतात. माझे काढून घेतले होते. मी विचारलं, 'हे काय?' तर म्हणाला, 'दादा, आम्ही जसं असेल तसं करतो.' मनात आणलं तर हा माणूस बोलू शकतो. मनात आणत नाही, ही खरी पंचाईत आहे.

दुकानातून आणलेली गाडी जशीच्या तशी चालवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आणली की पहिल्याच रविवारी मोडायचा आणि स्वतःच्या मनाने बांधायचा. डबे त्याला खऱ्यासारखे लांब हवे असायचे. पण हे प्लॅस्टिकचे वळणाचे रूळ भलतेच अवघड वळतात. लांब डबा वळणावर आला की त्याचं पोट आत सरकतं आणि फलाटाची कड खरवडत जातं. यासाठी त्याने एक अख्खा हिवाळा घातला. चाकं मागे घे, पुढे घे, फलाट तसूभर सरकव, परत गाडी सोड. मी म्हटलं, 'अरे, फलाटाची कड काप थोडी, विषय संपव.' त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी कोणाच्या तरी पोराचा पाय कापायला सांगितला होता. त्याचा नियम होता. कापायचं नाही, चिकटवायचं नाही. फक्त जोडायचं आणि सोडवायचं. 'चिकटवलं की संपलं, दादा,' म्हणायचा. 'मग दुसरं काही होता येत नाही त्याला.'

आणखी एक गोष्ट तो सांगायचा, ती मात्र माझ्या लक्षात राहिली. दोन रूळ नीट समोरासमोर आले नाहीत आणि तुम्ही ते ओढूनताणून जोडले, तर गाडी तिथे घसरत नाही. तिथून ती झोकात जाते. घसरते दोन हात पुढे, जिथे सगळं ठीक असतं. माणूस मग ठीक असलेली जागा दुरुस्त करत बसतो.

गार्ड मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तिथेच तिने आपलं आपण लग्न ठरवलं. आईने रडून घेतलं, मावशीने म्हणजे माझ्या बायकोने मुलाची दहा ठिकाणी चौकशी केली. बाप एवढंच म्हणाला, 'तू बघितलंयस ना? मग झालं.' पोरीने ते कसं घेतलं कोणास ठाऊक. मला विचाराल तर त्याला म्हणायचं होतं की तुझ्यावर विश्वास आहे. पण असं बोलायला त्याच्या तोंडाला कुलूप असतं.

ती गेल्यावर तिची खोली रिकामी पडली. थोडे दिवस पडली, मग रुळांनी हातपाय पसरले. आधी खाटेखालून लाइन गेली. मग खाट भिंतीला उभी केली. मग खाट कोणाला तरी दिली आणि तिथे दुसरा फलाट आला. माझी मेव्हणी, म्हणजे त्याची बायको, रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. वाफेत उभं राहून घरी आल्यावर तिला भांडायचंही त्राण नसायचं. ती म्हणायची, 'बाहेर पीत बसत नाही, पत्ते कुटत नाही. खेळू दे.' खोलीचं असं स्टेशन झालं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण गार्ड आता तिच्या घरी सुखात आहे असं सगळे धरून चालले होते.

ती सुखात नव्हती. काय झालं ते मी इथे उगाळत बसत नाही. नवऱ्याने हात उचलला नाही, दुसरी बाई आणली नाही. तो फक्त तिच्याशी बोलायचा बंद झाला आणि वर्षभर बंद राहिला. घरात असून नसल्यासारखं केलं की माणूस कसा वाळत जातो, ते मी तिच्याकडे बघून शिकलो. एका सकाळी तिने बॅग भरली, स्टेशनवर आली आणि तिथून बापाला फोन लावला. 'बाबा, मी येऊ का?'

बाप म्हणाला, 'थांब थोडं. खोली तयार नाही.'

तिने फोन ठेवला आणि ती आमच्याकडे आली. माझ्या सोफ्यावर. मी तक्रार करत नाही, पोरगी मला माझ्या पोरीसारखीच आहे. पण माणसाचं दिवसभराचं दमणं ठेवायची एक जागा असते, ती गेली की तो घरभर भटकतो. मी रोज जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून डुलक्या काढल्या. ती सोफ्यावर बसून खिडकीबाहेर बघायची. बॅग तिने उघडलीच नाही. लागेल तेवढं चेन किंचित सरकवून हात घालून काढायची आणि परत बंद करायची. निघायचंच आहे, अशा बेताने राहायची.

आई तिला न्यायला आली होती. 'चल गं, माझ्याजवळ झोप. घर आहे तुझं.' गार्ड म्हणाली, 'तू म्हणणारच आई. बाबांना म्हणू दे.' पंधरा दिवसांनी तिने त्याला परत फोन केला. तेच उत्तर. 'थांब, काम चालू आहे.' आईला विचारलं काय काम चालू आहे, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, 'मला काय माहीत? ठोकाठोक चालते. लिफ्टच्या दाराला लावतात ती 'काम चालू आहे'ची पाटी आणून खोलीला लावलीय आणि कुलूप घातलंय. विचारलं तर म्हणतो बघशील. मी विचारायचं सोडलं.' गार्ड हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. 'अजून एक स्टेशन वाढवत असतील,' ती म्हणाली.

तिसऱ्यांदा तिने माझ्यासमोर फोन केला. 'बाबा, मी येऊ का?' पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती 'बरं' म्हणाली आणि फोन उशीखाली ठेवून दिला. मग मावशीला म्हणाली, 'मी न विचारता लग्न ठरवलं म्हणून असेल का गं?'

माझ्या बायकोच्या डोक्यावरून पाणी गेलं. 'अहो, तुम्ही जा आणि बोला त्या स्टेशनमास्तरशी. नाहीतर मी जाते, आणि मी गेले तर रूळ-बीळ काही शिल्लक राहणार नाही.' मलाही रागच आला होता. पोटच्या पोरीपेक्षा प्लॅस्टिक मोठं झालं? सुट्टीच्या दिवशी त्याच्या इमारतीचे जिने चढताना मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. त्यांच्याकडे लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा राग आणि दम यातलं आधी काय संपणार अशी स्थिती होती.

तो एकटाच होता. मला बघून त्याला आनंद झाला, याचाच मला जास्त राग आला. 'या दादा, बरं झालं आलात, जरा हात लावा,' म्हणाला आणि कुलूप काढायला लागला. मी म्हटलं, 'मी हात लावायला नाही, तुझे कान उपटायला आलोय. पोरगी महिनाभर...' तोवर दार उघडलं.

स्टेशन जागेवर नव्हतं. मी खाली बघितलं, समोर बघितलं, मग त्याने बोट वर केलं. सगळी रेल्वे छताला टांगलेली होती. एका मोठ्या प्लायवूडवर सगळी मांडणी, चार कोपऱ्यांना लोखंडी दोर, छताला कप्प्या, आणि सगळे दोर भिंतीवरच्या एका दात्यांच्या चाकाकडे आलेले. चाकाला हँडल आणि ते आपोआप फिरू नये म्हणून एक अडकवायची खिट्टी. हँडल फिरवलं की गाव, फाटक, बोगदा, माझं टक्कल, सगळं खाली येतं. उलट फिरवलं की छताला जातं. खाली दुसरी खाट आणलेली होती. नवी गादी, धुतलेला पडदा, भिंतीला ताजा रंग, उशाशी दिवा. कोपऱ्यात तिचं शाळेतलं टेबल, घासूनपुसून ठेवलेलं. आणि खाटेवर एक चपटी झालेली उशी आणि जुनी चादर.

'ही उशी कोणाची?' मी विचारलं.

'माझी. लिफ्ट लोकांच्या ताब्यात द्यायच्या आधी आम्ही वजनं ठेवून चालवतो, दादा. मग स्वतः बसून. मग लोकांना सोडतो. वाळूची पोती ठेवून झाली. आता मी झोपतोय खाली. बायकोला सांगितलंय पाठ दुखते, कडक गादीवर झोपतो म्हणून.'

मी भांडायला गेलो होतो. ती उशी सरळ केली. उगाच पडद्याला हात लावला.

'मग अडलंय कुठं?'

त्याने हँडल फिरवून सगळं खाली घेतलं. छान आलं, आवाज न करता. मग त्याने गाडी सोडली. ती फलाटावरून निघाली, बोगद्यातून बाहेर आली आणि पुलापाशी आडवी झाली. त्याने ती उचलली, रूळ बोटांनी चेपले, परत सोडली. आता फाटकापाशी आडवी. तो तिथेच खाटेच्या कडेवर बसला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. 'एक कोपरा उतरताना केसभर मागं राहतो,' तो म्हणाला. 'लेव्हल येत नाही. प्लाय पिळवटतं, की रूळ सरकतात. रोज सगळे परत बसवतो. रोज कामावरून आलो की हेच. ती आल्यावर पहिल्याच दिवशी गाडी घसरलेली नको.'

'अरे, मग मोडून टाक ना सगळं! खोक्यांत भर. तूच म्हणतोस, जोडायचं आणि सोडवायचं. एका रविवारचं काम.'

त्याने आडवं पडलेलं इंजिन उचलून रुळावर ठेवलं. मग खाली बघत म्हणाला, 'तिचं एक घर मोडलंच आहे, दादा. ती दार उघडणार, आणि इथंही मोडलेलंच बघणार? काहीतरी जागेवर राहू दे ना तिचं.'

आता सांगा, अशा माणसाचे कान कुठून धरायचे. मी म्हटलं, 'हे तू तिला सांगितलंस?'

'सांगायचं काय त्यात? आली की दिसेलच.'

'ती तीनदा विचारते, येऊ का. आणि तू?'

'मी कुठं नको म्हटलं?' त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. 'मी म्हटलं, थांब.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस जन्मभर बंद दारांबाहेर उभा राहून आतल्या लोकांना 'थांबा' म्हणत आला आहे. थांबा, दार ओढू नका, काम चालू आहे. त्याच्या लेखी याचा अर्थ एवढाच की मी आलोय, आता घाबरायचं कारण नाही. याहून धीराचं काही त्याला बोलताच येत नाही. आत अडकलेल्या माणसाला ते तसं ऐकू येत नाही, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाहेर आलेले लोक नुसतेच त्याच्याशी भांडायचे. मी त्याला हे सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष त्या मागे राहणाऱ्या कोपऱ्याकडे होतं.

'आज शेवटचं बघतो,' तो म्हणाला. 'आज लेव्हल आली की मीच फोन करतो.'

मी घरी आलो तर सोफ्यावर घड्या घातलेली चादर आणि वर नीट ठेवलेली उशी. गार्ड तयार होऊन बसली होती. तिसऱ्याच शहरात कुठेशी कामाची सोय झाली होती, तिथेच बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली होती. संध्याकाळची गाडी. माझी बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ती रडते तेव्हा भांडी आपटते. मी म्हटलं, 'अगं, तुझा बाप...' तिने हात वर केला. 'काका, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. मला आता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. मी खूप दमलेय.' तिचा आवाज हुबेहूब बापासारखा येत होता.

मी सांगू शकलो असतो. दोर, कप्प्या, उशी, सगळं. पण मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काका चांगले आहेत, मन राखायला सांगतात. शिवाय ती आता गेली तर परत येणार नाही, हे मला तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं. म्हणून मी म्हटलं, 'बरं, जा. पण आईला भेटून जा. तिची सुट्टी आहे आज, ती आता घरी आली असेल.' आईचं नाव काढल्यावर ती तयार झाली. वाटेत बसमध्ये आम्हा दोघांनाही डुलकी लागत होती.

दार मेव्हणीने उघडलं. ती नुकतीच सामान घेऊन आली होती. पोरीने चपला दाराशी काढल्या, बॅग खांद्यावरच ठेवली. 'पाच मिनिटं आलेय आई, गाडी आहे.' आत खोलीचं दार उघडंच होतं. पाटी तेवढी लटकत होती. आतून कप्प्यांची कुरकुर ऐकू आली आणि ती नकळत तिकडे वळली.

तो भिंतीपाशी होता. रेल्वे अर्ध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर लोंबत होती. लेव्हल बघायला त्याने खिट्टी काढलेली होती आणि सगळा भार दोन्ही हातांनी हँडलवर तोलून धरला होता. त्याने मान वळवली. पोरगी दारात, पाय आत टाकायच्या बेतात, आणि डोक्यावर न अडकवलेलं वजन.

'थांब!' तो ओरडला. 'आत येऊ नको!'

मी कपाळावर हात मारून घेतला. गार्डचा चेहरा एकदम मिटला. तिने वर बघितलंच नाही. ती मागे वळली, आईला बाजूला केलं, चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडून जिन्याने उतरायला लागली. 'अगं, तसं नाही!' मी ओरडलो. पण माझ्या ओरडण्याने कोण थांबतं.

'गार्ड!' तो आतून म्हणाला. मग तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, जी मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. हँडल सोडता येत नव्हतं. खिट्टी पायाशी पडली होती, वाकलं तर हात सुटणार होता, आणि मी जाऊन ती बसवेपर्यंत पोरगी रस्त्यावर पोचली असती. 'दादा, खाटेपाशी कोणी नाही ना?' त्याने मला विचारलं. मी म्हटलं, 'कोणी नाही.' त्याने बायकोकडेही एकदा बघून घेतलं, ती कुठे उभी आहे ते.

आणि त्याने हात सोडले.

हँडल गरगर फिरलं. एक कोपरा आधी गेला, सगळी रेल्वे कलली आणि खाटेवर आदळून खोलीभर फुटली. काहीच चिकटवलेलं नव्हतं, त्यामुळे काहीच अखंड राहिलं नाही. पूल, फाटक, फलाट, डबे, सगळ्याचे ठोकळे होऊन भिंतींवर उडाले, दारातून बाहेर आले, मेव्हणीच्या पायापर्यंत घरंगळले. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण जिन्यावरची पावलं थांबली आणि मग धावत वर आली.

'बाबा!'

ती दारात आली तेव्हा तो घोट्यापर्यंत ठोकळ्यांत उभा होता. तो बाहेरच निघाला होता, पण गुडघ्यांनी वेळेवर साथ दिली नव्हती. हँडल फिरताना मनगटाला लागून थोडं रक्त आलं होतं.

'लागलं का?'

'नाही. काही नाही.' त्याने इकडेतिकडे बघितलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. 'तू हे असं बघायला नको होतंस,' तो म्हणाला.

तिने वर बघितलं. कप्प्या, मोकळे लोंबणारे दोर. मग खाली, खाट, प्लायवूडखाली अर्धवट दबलेली त्याची उशी. ताजा रंग, पडदा, टेबल. तिला वेळ लागला, पण कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मी तोंड उघडत होतो, तर मेव्हणीने माझा दंड धरला.

'मला वाटलं, तुम्हाला मी नकोय,' गार्ड म्हणाली.

'असं कसं वाटलं तुला?'

'तीनदा विचारलं, बाबा. येऊ का, येऊ का. एकदा तरी ये म्हणालात?'

'स्वतःच्या घरी यायला...' तो अडखळला. 'तुला तुझ्या घरी ये काय म्हणायचं?'

'म्हणायचं. मला ऐकायचं होतं.'

तो मनगट शर्टाला पुसत उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता परत कुलूप. मनगट शर्टाला पुसत उभा राहिला. इतका दमलेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि तिच्याकडे बघावं तर तीही तशीच. रडायचंही कोणाच्या अंगात नव्हतं.

'ये,' तो म्हणाला. मग परत म्हणाला, 'ये ना गं. आत ये.'

तिने बॅग खांद्यावरून उतरवली. चपला अजून हातातच होत्या, पाय अनवाणी.

'जपून,' तो म्हणाला. 'टोचतील.'

'टोचू देत,' ती म्हणाली आणि आत गेली.